ढग कुठे सुरू होतो?

आषाढातला एखादा दिवस घ्या. पाऊस नुकताच उघडला आहे. परतवाड्याच्या बाहेर, जिथून शेते सुरू होतात तिथे उभे राहून उत्तरेकडे पाहा. सातपुड्याची गाविलगड रांग भिंतीसारखी समोर उभी आहे, पण तिचा माथा दिसत नाही. माथ्यावर ढग बसले आहेत. त्या ढगांची खालची कड नीट पाहा. वरची बाजू कापसाच्या गाठोड्यासारखी वेडीवाकडी असली, तरी खालची कड बरीचशी सपाट आहे. जणू कुणी डोंगराच्या अंगावर एक रेघ आखली आणि रेघेच्या वरचा भाग पुसून टाकला!

आता चिखलदऱ्याची एस. टी. पकडा. वाट सुमारे तीस किलोमीटरची. घाटात अर्ध्याहून अधिक चढल्यावर ड्रायव्हर भर दुपारी दिवे लावतो. सागाची झाडे आधी फिकी होतात, मग नुसत्या सावल्या उरतात. वर उतरल्यावर कुणीतरी म्हणते, “आज भारी धुकं आहे!” खाली परतवाड्याला चहावाला म्हणाला होता, “डोंगरावर ढग बसले आहेत.” विद्यार्थी मित्रांनो, दोघेही एकाच वस्तूविषयी बोलत होते. ढग खाली उतरून आपल्याकडे आला नाही. आपणच एस. टी.त बसून ढगात शिरलो.

ती रेघ नेमकी कुठे येणार, हे घरून निघण्यापूर्वी काढता येईल का? येते. त्यासाठी लागतो एक तापमापी, एक स्टीलचा पेला, थोडे पाणी आणि बर्फ.

पेल्यात पाणी घ्या. बाहेरची बाजू कोरड्या फडक्याने चकचकीत पुसा. पाण्यात बर्फाचा लहान तुकडा टाकून तापमापीने नव्हे, चमच्याने ढवळा. तो विरघळला की दुसरा टाका. पेल्याच्या बाहेरून पहिली अंधुक वाफ धरताना दिसली की पाण्याचे तापमान वाचा. (पेल्यावर वाकून बघू नका. तुमच्या श्वासातील बाष्प तिथे जमेल आणि सगळा हिशेब चुकेल. आमच्या वर्गात निम्म्या मुलांचा प्रयोग यामुळेच बिघडतो.) हे झाले हवेचे दवबिंदू तापमान. हवा एवढी थंड झाली की तिच्यातील बाष्प तिला पेलवत नाही. जास्तीचे बाष्प पाणी होऊन बाहेर पडते.

डोंगरावर पेल्याचे काम उंची करते. नैर्ऋत्येकडून आणि पश्चिमेकडून येणारा मोसमी वारा पूर्णेच्या सपाट खोऱ्यावरून सरळ येतो आणि गाविलगडच्या कड्यांना भिडतो. अचलपूर-परतवाड्याची उंची समुद्रसपाटीपासून सुमारे ३७० मीटर, चिखलदऱ्याची सुमारे १,११८. थोड्याच अंतरात वाऱ्याला साडेसातशे मीटर चढावे लागते. वर हवेचा दाब कमी असतो, म्हणून चढणारी हवा पसरते. पसरण्यासाठी लागणारी ऊर्जा ती स्वतःच्याच उष्णतेतून खर्च करते आणि थंड होते. सायकलचा पंप हवा दाबताना गरम होतो ना? ही त्याच्या उलट क्रिया आहे. ढग तयार होईपर्यंत हवा दर १०० मीटरला सुमारे १ अंश सेल्सिअस थंड होते. दाब घटल्याने दवबिंदूही थोडा खाली सरकतो, दर १०० मीटरला सुमारे ०.२ अंश. म्हणजे दोघांतील अंतर दर १०० मीटरला ०.८ अंशाने मिटते. एक अंश मिटायला किती मीटर लागतील? १०० भागिले ०.८, म्हणजे १२५.

हे सूत्र वहीत लिहून ठेवा: हवेचे तापमान वजा दवबिंदू तापमान, गुणिले १२५. उत्तर मीटरमध्ये येते आणि ते तुम्ही जिथे मोजता तिथून वरची उंची सांगते.

समजा, जुलैत परतवाड्याला तापमान २८ अंश आहे आणि पेल्याने दवबिंदू २४ दाखवला. फरक ४, म्हणून ५०० मीटर. त्यात परतवाड्याचे ३७० मिळवा: ८७० मीटर. ढगाचा तळ घाटरस्त्यावरच पडला. चिखलदरा त्याच्या अडीचशे मीटर आत. अकोल्याच्या मुलांनी नरनाळ्याचा विचार करावा. तो किल्ला साडेनऊशे मीटरांच्या वर आहे, म्हणजे त्याचा माथाही त्या दिवशी ढगात असणार. सप्टेंबरात ऊन पडले आणि आकडे ३१ व २२ आले, तर फरक ९, उंची ११२५ आणि ३७०, म्हणजे जवळजवळ १,५०० मीटर. ढग डोंगराच्या डोक्यावरून जातील आणि वरून पूर्णेचे खोरे स्वच्छ दिसेल. आणि मे महिन्यात? तापमान ४२, दवबिंदू १०. फरक ३२. चार हजार मीटर! सातपुड्यात एवढा उंच डोंगरच नाही. उन्हाळ्यात अकोला-अमरावतीची माणसे चिखलदऱ्याला जातात ती थंडाव्यासाठी. धुके पाहायचे तर पावसाळ्यातच गेले पाहिजे.

उत्तर तंतोतंत जुळेल अशी अपेक्षा मात्र ठेवू नका. डोंगराला भिडणारी सगळी हवा परतवाड्याच्या अंगणातून उठलेली नसते. वाटेत पाऊस पडून ती अधिक ओली होते, वरच्या हवेत मिसळते. पन्नास-शंभर मीटरचा फरक पडला तरी प्रयोग फसला असे मानण्याचे कारण नाही. उलट फरक का पडला, याचा शोध घेण्यात खरी गंमत आहे. घाट चढताना धुके कुठे लागले ते लिहून ठेवा, उतरताना पुन्हा पाहा. दुपारी ती रेघ सकाळपेक्षा वर सरकलेली दिसली, तर ती का सरकली हे सूत्रच सांगेल.

इथे एक घोटाळा टाळला पाहिजे. आपल्या शेतकऱ्याला धुके नवीन नाही. थंडीत तूर फुलोऱ्यावर आली असताना पडणाऱ्या धुवारीची त्याला धास्ती असते. पण ती धुवारी वेगळ्या रीतीने तयार होते. निरभ्र रात्री जमीन आपली उष्णता आकाशाकडे सोडून देते, जमिनीलगतची हवा जागच्या जागी गार होते आणि सखल भागात धुके साचते. हवा कुठे चढत नाही. अशा सकाळी डोंगरावरच्या माणसाला ऊन आणि खालच्या गावाला धुके, असा पावसाळ्याच्या नेमका उलटा प्रकार होतो. समुद्रकाठच्या धुक्याची तिसरीच तऱ्हा. अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्को शहराजवळच्या किनाऱ्याला थंड पाण्याचा प्रवाह लागून वाहतो. त्यावरून येणारी ओलसर हवा थंड होऊन उन्हाळ्यातच धुके घेऊन किनाऱ्यावरच्या जंगलात शिरते. तिथले प्रचंड रेडवुड वृक्ष ते धुके फांद्यांवर झेलतात. या जंगलांना मिळणाऱ्या पाण्यापैकी सुमारे एक तृतीयांश पाणी धुक्यातून येते, असे उत्तर कॅलिफोर्नियातील एका अभ्यासात आढळले आहे. आपल्या कोकणचा समुद्र उबदार, म्हणून तिथे ही तऱ्हा दिसत नाही.

धुके झेलण्याचे हे काम चिखलदऱ्यालाही पाहता येते. पाऊस थांबलेला असताना मोकळ्या मैदानात उभे राहा: अंग हळूहळू दमट होते, एवढेच. मग एखाद्या मोठ्या जांभळाखाली जा. टप टप पाणी पडते आहे! वाऱ्याबरोबर वाहणारे सूक्ष्म थेंब पानांवर आपटतात, एकमेकांत मिसळतात आणि जड होऊन गळतात. दोन सारखे डबे घ्या, एक झाडाखाली व एक उघड्यावर ठेवा आणि तासाभराने पाणी मोजा. फक्त एक काळजी घ्या. आधीच्या पावसाचे पानांवर राहिलेले पाणीही गळत असते, तेव्हा पाऊस थांबल्यावर बराच वेळ जाऊ द्या. खोडांवरची शेवाळी, नेचे आणि आमरीची झुडपे याच ओलाव्याला धरून असतात. विदर्भात कॉफी पिकते ती फक्त इथे, तीही याच गार आणि ओल्या हवेमुळे.

धुक्यात पाणी असते तरी किती? ऐकून आश्चर्य वाटेल. चिखलदऱ्यासारख्या धुक्यात तापमान २२ अंश असेल, तर एक घनमीटर हवेत सुमारे १९ ग्रॅम बाष्प असते. ते अदृश्य असते. आपल्याला दिसणारे, थेंबांच्या रूपातील पाणी असते एका घनमीटरमध्ये ०.२ ग्रॅमच्या आसपास. पाच मीटर लांब, चार मीटर रुंद आणि तीन मीटर उंच खोली धुक्याने भरली, तर त्यातले सगळे दृश्य पाणी दोन-तीन चहाच्या चमच्यांत मावेल. आणि एवढ्याशा पाण्याने समोरचे झाड नाहीसे होते!

याचे रहस्य थेंबांच्या आकारात आहे. धुक्याच्या थेंबाचा व्यास समजा एक मिलिमीटरचा पन्नासावा भाग, म्हणजे ०.०२ मिलिमीटर. ०.२ ग्रॅम पाण्यात असे पावणेपाच कोटींहून अधिक थेंब होतात. प्रत्येकाची सावली नगण्य. पण सगळ्या सावल्या शेजारी शेजारी मांडल्या तर सुमारे १५० चौरस सेंटिमीटर जागा झाकली जाईल. म्हणजे तुमच्यापासून झाडापर्यंतच्या प्रत्येक मीटरमध्ये दृष्टीचा दीड शतांश भाग अडतो. शंभर-सव्वाशे मीटरनंतर काहीच उरत नाही. आता तेच पाणी २ मिलिमीटर व्यासाच्या पावसाच्या थेंबांत गोळा करा. असा एक थेंब बनायला धुक्याचे दहा लाख थेंब लागतात. मग थेंब उरतात अवघे अठ्ठेचाळीस, आणि त्यांच्या सावल्या दीड चौरस सेंटिमीटर. म्हणूनच साध्या पावसात दूरचा डोंगर दिसतो आणि धुक्यात जवळचे झाड दिसत नाही. हवामानशास्त्रात एक किलोमीटरहून कमी दिसत असेल तरच धुके म्हणतात.

थेंब बनायला आणखी एक गोष्ट लागते, ती म्हणजे बाष्पाला धरून ठेवणारा कण. स्कॉटलंडच्या जॉन एटकिन यांनी १८८० च्या सुमारास दाखवून दिले की, धूळ गाळून काढलेल्या हवेत वाफ सोडली तर धुके होत नाही. साधी, धुळीची हवा असेल तर लगेच होते. समुद्राच्या मिठाचे कण, धूर, माती यांतील प्रत्येक कण एकेका थेंबाचे बीज असतो.

आता या लेखातील सर्वांत महत्त्वाच्या भागाकडे वळू. धुक्यात चालायचे कसे?

काही वर्षांपूर्वी एका शाळेच्या मुलांबरोबर मी गाविलगडावर गेलो होतो. चिखलदरा गावापासून किल्ला दोन-तीन किलोमीटर. आत विस्तीर्ण पठार, तलाव, पडक्या इमारती, कमरेइतके गवत. परतताना धुके इतके दाटले की रांगेतला पाचवा मुलगा दिसेना. दरवाजा सरळ समोर आहे याबद्दल मला खात्री होती. वीस मिनिटे चाललो आणि चिखलात बुटांचे ठसे दिसले. “कुणीतरी आपल्या आधी गेले आहे,” असे एक मुलगा म्हणाला. ते आमचेच ठसे होते. मी सगळ्यांना खाली बसवले. पाऊण तासाने धुके विरळ झाले तेव्हा कळले की कड्याची कड आमच्या डावीकडे तीस-चाळीस पावलांवर होती.

गाविलगड मुळात अशा जागी बांधला की उत्तरेची बाजू सोडली तर सगळीकडे तुटलेले कडे असावेत. डिसेंबर १८०३ मध्ये वेलस्लीच्या फौजेला तोफा ओढत डोंगरातून मोठा वळसा घालून उत्तरेलाच यावे लागले, तेव्हा कुठे १५ तारखेला किल्ला पडला. शत्रूला अडवणारे ते कडे धुक्यात पाहुण्यालाही ओळखत नाहीत.

पण आम्ही गोल का फिरलो? जर्मनीतील ट्युबिंगेन येथील यान साउमान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ साली याचे उत्तर प्रसिद्ध केले. त्यांनी काही लोकांना मोठ्या सपाट जंगलात “सरळ चाला” म्हणून सोडले आणि त्यांचा मार्ग उपग्रहांच्या साहाय्याने नोंदवला. ज्यांना सूर्य दिसत होता ते बऱ्यापैकी सरळ गेले. ढगाळ दिवशी चाललेले चारही जण गोल फिरले. त्यांतले तिघे तर स्वतःचाच मार्ग पुनःपुन्हा ओलांडून गेले, आणि त्यांना पत्ता नव्हता! सहारा वाळवंटात रात्री चालणारा एक जण चंद्र दिसत होता तोवर सरळ गेला. चंद्र ढगाआड गेल्यावर वळत वळत आला त्या दिशेला निघाला. डोळे बांधलेल्या माणसांची वर्तुळे तर कधी कधी अवघ्या वीस मीटर व्यासाची होती. एक पाय लांब व एक आखूड असल्याने माणूस एका बाजूला वळतो, ही जुनी समजूत यात टिकली नाही. कारण तोच माणूस कधी डावीकडे वळे, कधी उजवीकडे. प्रत्येक पावलाला दिशेची बारीकशी चूक होते, चुका साचत जातात आणि त्या दुरुस्त करायला दूरची खूण नसेल तर “सरळ” म्हणजे काय हेच मेंदू हळूहळू विसरतो. मला खात्री वाटत होती, ती या कारणाने काहीच कामाची नव्हती.

हा प्रयोग शाळेच्या मैदानावर करा. एकाचे डोळे बांधा, मध्यभागी उभा करा, सरळ चालायला सांगा. मागून दुसऱ्याने चुन्याने त्याची वाट आखावी. कुंपण किंवा विहीर जवळ नको, आणि हाक मारून थांबवायला शिक्षक हवेत. शंभर पावलांत काय होते ते पाहून तुम्हीच हसाल.

यावर उपाय दोन, आणि दोन्ही जुने आहेत. पहिला, होकायंत्र. पायवाट जिथे वळते किंवा फुटते तिथे थांबून दिशा अंशांत वाचा आणि लिहा. परतताना त्यात १८० मिळवा. बेरीज ३६० च्या वर गेली तर ३६० वजा करा. आपल्या भागात चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर जवळजवळ एकच आहेत, म्हणून दुरुस्तीची कटकट नाही. मात्र होकायंत्र खडकावर ठेवून वाचू नका. आपल्या काळ्या बेसाल्टमध्ये मॅग्नेटाइट हे चुंबकीय खनिज असते आणि ते सुईला ओढू शकते. हातात धरून, खडकापासून दूर उभे राहून वाचा. दुसरा उपाय, पावले मोजणे. शाळेतच शंभर मीटर आखून घ्या आणि डावा पाय किती वेळा पडतो ते मोजा. बहुधा सत्तर-पंचाहत्तर येईल. चढावर आणि चिखलात हा आकडा वाढतो, तेव्हा तिथेही एकदा मोजून ठेवा. “दिशा ४०, जोडपावले १५०, मग उजवीकडे दगडी चौथरा” अशा पाच-सहा ओळी वहीत असल्या की धुक्यातली वाट मागे उलगडत जाते.

मोबाइल आहे की, असे तुम्ही म्हणाल. असू द्या, तोही न्या. पण ओल्या हातांनी पडदा चालत नाही, दऱ्यांत सिग्नल नसतो, आणि मोबाइलने दाखवलेली जागा काही मीटरनी चुकू शकते. मैदानावर काही मीटर म्हणजे काहीच नाही. कड्यावर ते सर्व काही आहे.

बाकी सूचना थोडक्यात देतो. हा मेळघाटचा प्रदेश आहे, अस्वलांचा आणि वाघांचाही. वनखात्याला विचारल्याशिवाय आणि वाट माहीत असलेला स्थानिक माणूस बरोबर असल्याशिवाय जंगलात शिरू नका. गप्पा मारत चाला, म्हणजे अस्वलाला तुम्ही आधी कळता. पुढचा माणूस दिसेनासा झाला तर धावू नका, हाक मारा. आणि पायवाट हरवली असे वाटले की त्याच जागी बसा. सकाळी सूत्राने ढगाचा तळ किल्ल्यापेक्षा पुष्कळ खाली काढला असेल, तर धुके लवकर उठणार नाही हेही तुम्हाला आधीच ठाऊक असेल. त्या दिवशी किल्ल्यावर न जाता गावातच थांबून डबे मांडण्याचा प्रयोग करावा हे उत्तम.

धुके फाटू लागले की मात्र कठड्याच्या आत उभे राहून आणखी एक गोष्ट शोधा. सूर्य पाठीशी हवा आणि समोर खाली दरीत धुके हवे. म्हणून सकाळी पश्चिमेकडची दरी, सायंकाळी पूर्वेकडची. नशीब असेल तर धुक्यावर तुमची सावली पडेल आणि सावलीच्या डोक्याभोवती रंगीत वर्तुळे दिसतील. हे इंद्रवज्र. शेजारी मित्र उभा असेल तर त्याला त्याच्याच डोक्याभोवती ती दिसतील, तुमच्या नव्हे. हरिश्चंद्रगडावरून दिसलेल्या अशा वर्तुळांचे वर्णन कर्नल साइक्स यांनी १८३५ साली प्रसिद्ध झालेल्या दख्खनच्या हवामानावरील लेखात केले आहे. आणि सप्टेंबर १८९४ मध्ये स्कॉटलंडच्या बेन नेव्हिस डोंगरावरील वेधशाळेत दोन आठवडे कामाला गेलेला सी. टी. आर. विल्सन हा तरुण हीच वर्तुळे पाहून इतका भारावला, की ती प्रयोगशाळेत करून पाहायची म्हणून त्याने काचेच्या भांड्यात हवा एकदम पसरवून ढग बनवायला सुरुवात केली. डोंगर चढणारी हवा जे करते तेच. पुढे या भांड्यात त्याला विद्युतभारित कणांच्या वाटा धुक्याच्या बारीक रेषांसारख्या उमटलेल्या दिसल्या. त्या अभ्रकोष्ठाबद्दल त्याला १९२७ चे नोबेल पारितोषिक मिळाले.